कंबर दुखते म्हणून हृदयाच्या गोळ्या बंद कराव्यात का?

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका मुलीने वडिलांसाठी विचारलं आहे. वडील ६२ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, ॲंजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हापासून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोर्वास्टॅटिन ४०, मेटोप्रोलोल आणि रामिप्रिल अशा पाच गोळ्या चालू आहेत. गेले तीन महिने कंबर दुखते. बिल्डिंगमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं की हार्टच्या गोळ्यांनी अंग खिळखिळं होतं. वडिलांनी चार दिवसांपासून पाचही गोळ्या बंद केल्या, आणि नाक्यावरच्या केमिस्टकडून दुखण्याची गोळी आणून दिवसातून दोनदा घेतायत. ‘ही कंबरदुखी खरंच हृदयाच्या गोळ्यांमुळे असेल का?’ असा प्रश्न.

ताई, उत्तर मोठं आहे. पण दोन कामं आजची आहेत, म्हणून ती आधी सांगतो. ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, चार दिवस गोळ्या घेतलेल्या नाहीत हे काही न लपवता सांगा, आणि ते सांगतील तशा गोळ्या आजच सुरू करा. चुकलेल्या दिवसांची भरपाई म्हणून जास्तीच्या गोळ्या देऊ नका. दुसरं, केमिस्टने दिलेली ती दुखण्याची गोळी आजपासून बंद. छातीत दाब, धाप किंवा दरदरून घाम असं काही असेल तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, १०८ ला कळवा आणि थेट इमर्जन्सीत न्या.

एवढी घाई कशासाठी, तर स्टेंट ही रक्तवाहिनीत बसवलेली धातूची जाळी आहे. शरीर तिच्यावर हळूहळू स्वतःचं अस्तर चढवतं, त्याला काही महिने जातात. तोवर रक्तातल्या प्लेटलेट्स त्या जाळीवर चिकटायला टपलेल्या असतात. त्यांना आवरायचं काम ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची जोडी करते. अटॅकनंतरच्या स्टेंटला ही जोडी साधारण १२ महिने लागते, काही रुग्णांत डॉक्टर विचार करून ती कमी करतात. तुमचे वडील आठव्या महिन्यात आहेत. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर रक्तवाहिनी मिनिटांत बंद होते, आणि हा दुसरा अटॅक बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जड जातो. मेटोप्रोलोलचं वेगळं. ती अचानक सोडली की नाडी आणि बीपी उसळी मारतात. जखमी हृदयाला ते सोसत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

पाचांपैकी चार गोळ्यांवर कंबरदुखीचा संशय घ्यायला फारशी जागा नाही. क्लोपिडोग्रेलच्या पत्रकात ‘पाठदुखी’ हा शब्द सापडेल, पण औषधाच्या चाचणीत रुग्णांनी केलेल्या तक्रारी त्या पत्रकात उतरतात, आणि वर्षभर शेकडो माणसांवर लक्ष ठेवलं तर औषध न घेणाऱ्यांतही पाठ दुखलेले खूप निघतात. मेटोप्रोलोलने थकवा येतो, पाय जड वाटतात, हात-पाय गार पडतात. रामिप्रिलची एक गोष्ट मात्र विचारा. वडिलांना कोरडा खोकला येतो का? या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना घशात सतत खवखव होऊन खोकला लागतो. महिनोन्महिने ढास लागली की कमरेच्या स्नायूंना प्रत्येक वेळी हिसका बसतो, आणि आधीच झिजलेली मणक्यातली गादी त्याने दुखायला लागते. म्हणजे गोळीने कंबर दुखवली नाही, खोकल्याने दुखवली. अशा वेळी डॉक्टर रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी गोळी देतात आणि खोकला काही आठवड्यांत थांबतो.

उरली ॲटोर्वास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी. स्नायूंच्या दुखण्याबद्दल जी बदनामी आहे ती हिचीच, आणि ती पूर्णपणे खोटी नाही. म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

स्टॅटिनचं खरं दुखणं ओळखायला दोन गोष्टी बघाव्या लागतात: दुखतं कुठे आणि सुरू कधी झालं. जागा म्हणाल तर मांड्या, नितंब, खांदे, पोटऱ्या, असे मोठे स्नायू, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखेच. रुग्ण एका बोटाने जागा दाखवत नाही, दोन्ही तळहात मांड्यांवरून फिरवतो आणि ‘हे सगळं’ म्हणतो. जमिनीवर मांडी घालून बसला की उठताना जड जातं, स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मांड्या भरून येतात. याउलट फक्त कमरेच्या खालच्या पट्ट्यात, वाकलं की जास्त, आडवं झालं की कमी, एका बाजूने पायात उतरणारं, शिंकताना चमक मारणारं दुखणं हे मणक्याचं आणि त्याभोवतीच्या स्नायूंचं असतं. त्यात स्टॅटिनचा हात सहसा नसतो.

दुसरी गोष्ट तारखेची. स्टॅटिनचं दुखणं बहुधा गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत येतं, फार तर पहिल्या काही महिन्यांत. तुमच्या वडिलांनी पाच महिने तीच गोळी विनातक्रार घेतली आणि मग कंबर दुखायला लागली. हा हिशोब जुळत नाही. जुळायचा असेल तर पाचव्या महिन्यात काहीतरी बदललेलं असायला हवं. डोस वाढला का? थायरॉइड बिघडला का? दुसऱ्या कुठल्या आजारासाठी नवीन औषध सुरू झालं का?

हा शेवटचा प्रश्न मी कधी गाळत नाही, आणि त्यामागे एक रुग्ण आहे. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये काम करणारे गृहस्थ, स्टेंट बसून दोन वर्षं झालेली, ॲटोर्वास्टॅटिन व्यवस्थित चालू. पावसाळ्यात जांघेत नायटा झाला. आपल्याकडच्या दमट हवेत, घामाने भिजलेल्या कपड्यांत तो किती हट्टी होतो ते ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना हृदयाच्या गोळ्यांबद्दल सांगितलं नाही, आणि त्यांना इट्राकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल मिळाल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आले ते कमरेवर हात ठेवून, ‘डॉक्टर, कंबर गेली’ म्हणत. मी त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. दोनदा प्रयत्न केला, पण उठता येईना. मणक्यावर बोटाने ठोकून पाहिलं तर काही नाही, मांडीचा स्नायू मुठीत धरला तर कळवळले. लघवीचा रंग विचारला. म्हणाले, कोऱ्या चहासारखी होते दोन दिवसांपासून.

त्याच रात्री त्यांना भरती केलं. सीपीके ही स्नायूंची रक्ततपासणी हजारोंत गेली होती. इट्राकोनॅझोल यकृतातलं जे यंत्र अडवतं तेच ॲटोर्वास्टॅटिनचा निचरा करतं. त्यामुळे ४० ची गोळी शरीरात त्याहून कितीतरी मोठ्या डोससारखी वागत होती, स्नायू विरघळत होते आणि त्यांचा रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात उतरत होता. दोन्ही औषधं थांबवली, सलाइन लावलं, मूत्रपिंड वाचलं. काही आठवड्यांनी त्यांना वेगळी स्टॅटिन कमी डोसात सुरू केली, ती आजही चालू आहे. घशाच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही असंच यंत्र अडवतं. म्हणून वडिलांनी गेल्या चार-पाच महिन्यांत कुठल्या डॉक्टरांची कुठलीही चिठ्ठी घेतली असेल तर ती शोधून काढा.

हे असं फार क्वचित होतं. मग इतकी माणसं स्टॅटिनने अंग दुखतं म्हणतात ती खोटं बोलतात का? मुळीच नाही. लंडनमध्ये यावर एक सुरेख प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. अंगदुखी वगैरे त्रास होतो म्हणून ज्यांनी स्टॅटिन सोडली होती अशा ६० जणांना बारा बाटल्या दिल्या, महिन्याला एक. चार बाटल्यांत ॲटोर्वास्टॅटिन २०, चारांत हुबेहूब दिसणारी पण औषध नसलेली गोळी, चार रिकाम्या. गोळीच्या बाटल्यांतली खरी कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं. रोजच्या त्रासाला शंभरपैकी गुण द्यायचे. रिकाम्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले. औषधाच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे त्रास खरा होता, पण त्यातला सुमारे ९० टक्के त्रास गोळीतल्या औषधाने नव्हे, गोळी घेतोय या धास्तीने होत होता. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली.

२०२२ मध्ये लॅन्सेटमध्ये याहून फार मोठा आढावा आला. १९ चाचण्या, जवळपास १ लाख २४ हजार माणसं. चार वर्षांहून थोड्या जास्त काळात स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली, आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्क्यांनी. जो फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला. चाळिशी-पन्नाशीनंतर अंग दुखणारी माणसं चारातली एक असतात, मग हातात औषधाची गोळी असो वा नसो. दुखणं कधी ना कधी येतंच, आणि ते येतं तेव्हा समोर हृदयाच्या गोळ्यांचा डबा असतो.

तरीही संशय उरलाच तर तो तपासायची रीत आहे. सीपीके, थायरॉइडसाठी टीएसएच, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढं रक्त तपासायचं. थायरॉइड मंदावला असेल किंवा ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर नुसत्या त्यानेही अंग दुखतं, आणि स्टॅटिन सोसण्याची ताकदही कमी होते. मग हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीने फक्त स्टॅटिन दोन ते चार आठवडे थांबवायची, बाकी चार गोळ्यांना हात लावायचा नाही. दुखणं गेलं तर पुन्हा सुरू करून बघायचं. परत आलं तर गुन्हेगार सापडला. गेलंच नाही, तर गोळी निर्दोष. अर्धवट प्रयोगातून काहीच कळत नाही. पाचही गोळ्या एकदम थांबवून कंबर बरी झाली असती तरी कोणत्या गोळीमुळे दुखत होतं ते आपल्याला कळलं नसतंच.

आणि स्टॅटिन खरंच सोसत नसेल तर पुढे वाटा आहेत. रोसुव्हास्टॅटिन कमी डोसात, कधी एक दिवसाआड. सोबत इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळी गोळी. बेम्पेडॉइक ॲसिड हे औषध यकृतात जागं होतं, स्नायूंत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास १४ हजार लोकांवर त्याची चाचणी झाली आणि २०२३ मध्ये त्याने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे दिसलं. इंजेक्शनंही आहेत, महाग आहेत. कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायचं काम सोडून द्यावं लागत नाही, एवढाच मुद्दा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंबरदुखी निराळी असते, आणि ती मला स्टॅटिनपेक्षा जास्त घाबरवते. विशेषतः ज्यांना कृत्रिम झडप आहे किंवा हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून ॲसिट्रोम, वॉरफरिन किंवा तशी नवीन गोळी चालू आहे त्यांनी हे नीट वाचावं. पोटाच्या मागच्या पोकळीत, कमरेच्या स्नायूत रक्तस्राव झाला तर बाहेर काही दिसत नाही. एका कुशीत किंवा कमरेत एकाएकी जोराचं दुखणं, जांघेकडे सरकणारं, मांडी वर उचलता न येणं, चक्कर, चेहरा पांढरा पडणं. हे दुखणं अंगावर काढायचं नसतं. याच कारणाने अशा रुग्णांनी कमरेला जोरकस मालिश, तुडवून घेणं, झटका देऊन मणका ‘बसवून’ घेणं यांच्या नादाला लागू नये, आणि कुणी नितंबात दुखण्याचं इंजेक्शन द्यायला निघालं तर आधी गोळ्यांची चिठ्ठी दाखवावी. वॉरफरिन गटातली गोळी घेणाऱ्यांनी झोंबणारा थंड वास असलेली मलमंही सढळ हाताने चोळू नयेत. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात उतरतं आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, वाढवतं.

आता त्या केमिस्टच्या गोळीबद्दल. ताई, मी तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, तरी एवढं ठामपणे सांगतो की घरातल्या सगळ्या गोळ्यांत सध्या सगळ्यात घातक पट्टी ती आहे. आपल्याकडे कंबर धरून काउंटरवर गेलं की डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा एटोरिकॉक्सिब यांपैकी एक हातात पडतं, बहुधा आणखी दोन औषधं मिसळून. हा सगळा गट अंगात मीठ-पाणी धरून ठेवतो, बीपी चढवतो आणि अटॅकचा धोका वाढवतो. याच कारणाने रोफेकॉक्सिब हे गाजलेलं पेनकिलर २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं, आणि २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हृदयरोग्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये असं बजावलं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलच्या जोडीला हे मिळालं की जठरातून रक्तस्राव व्हायला वेळ लागत नाही, शौच डांबरासारखं काळं होतं. आयब्युप्रोफेनची आणखी एक खोड आहे. ॲस्पिरिन प्लेटलेटवर ज्या जागी जाऊन चिकटते, तिथे ती आधीच जाऊन बसते, आणि ॲस्पिरिन घेऊनही न घेतल्यासारखी होते.

मूत्रपिंडाचंही सांगतो, कारण ते कुणी सांगत नाही. मूत्रपिंडातल्या गाळणीत रक्त आणणारी नळी पेनकिलर आकसून टाकते, आणि रक्त बाहेर नेणारी नळी रामिप्रिल सैल करते. गाळणीतला दाब दोन्हीकडून पडतो. त्यात लघवीची गोळी असली, मे महिन्याचा घाम असला, पाणी कमी प्यायलेलं असलं, तर आठवडाभरात क्रिएटिनिन दुप्पट झालेलं मी पाहिलं आहे. वडिलांनी किती दिवस गोळी घेतली ते मोजा, आणि क्रिएटिनिन आणि पोटॅशियम या आठवड्यातच तपासून घ्या.

मग दुखतंय त्याला काय द्यायचं? यकृत ठीक असेल तर पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीन वेळा, थोडे दिवस. पाण्यात विरघळणारी फसफसणारी गोळी नको, तिच्यात मीठ असतं. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. आणि पडून राहायचं नाही.

तुमच्या वडिलांची कंबर कशाने दुखत असेल? अटॅकनंतर घरचे माणसाला जपतात, आणि जपता जपता त्याचं चालणं बंद होतं. सोफ्यावर रेलून टीव्ही, दुपारी झोप, खाली उतरायचं तर सोबत कुणीतरी हवं. आठ महिन्यांत पोटाचे आणि पाठीचे स्नायू सैल पडतात आणि सगळा भार मणक्यावर येतो. मग एक दिवस कुणी घरात नाही म्हणून भरलेला गॅस सिलिंडर ओढला जातो. टाकीसकट त्याचं वजन तीस किलोच्या आसपास असतं, आणि त्या झटक्याने उसण भरते. माझ्या अनुभवात अशा रुग्णांची कंबर बहुतेक वेळा इथेच सापडते. चालणं वाढवलं, फिजिओथेरपिस्टकडून श्वास न रोखता करायचे पोट-पाठीचे व्यायाम शिकून घेतले, की दोन महिन्यांत पुष्कळ उतार पडतो.

पण एक फरक तुम्ही स्वतः बघू शकता. वडिलांना तलावपाळीला फिरायला न्या आणि मागे राहून निरीक्षण करा. चालता चालता कंबर-नितंब दुखून थांबावं लागतं का, आणि थांबल्यावर नुसतं कठड्याला उभं राहून दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, की बाकावर पुढे वाकून बसल्याशिवाय बरं वाटत नाही? वाकून बसल्यावरच बरं वाटत असेल तर मणक्यातली नळी अरुंद होऊन नसा दबतायत. नुसतं उभं राहून बरं वाटत असेल तर पोटातून पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडथळा असू शकतो. ज्याच्या हृदयाची वाहिनी तुंबली त्याची तीही तुंबलेली असू शकते. मग कमरेचा एमआरआय काढण्याआधी पायांच्या नाड्या तपासून घ्यायला हव्यात.

काही गोष्टींना थांबायला वेळ नसतो. फाटल्यासारखं एकाएकी आलेलं पाठीचं दुखणं, पोटात धडधडणारी गाठ, बैठकीच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, पायातली ताकद जाणं, काळी लघवी. यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं हे कंबरदुखीबरोबर असेल तर मणक्याचा क्षयरोग बघावा लागतो. झडप बदललेल्या रुग्णात हेच चित्र हृदयाच्या झडपेवरच्या जंतुसंसर्गाचंही असतं.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून न्या, ती केमिस्टची पट्टी, मलमाची ट्यूब आणि कुणी दिलेली आयुर्वेदिक पुडी असेल तर तीसुद्धा. आणि एका कागदावर तीन ओळी लिहून न्या: दुखणं कुठल्या आठवड्यात सुरू झालं, त्याच्या आधीच्या महिन्यात कुठलं औषध नवीन आलं, आणि अटॅकच्या आधी वडील दिवसाला किती चालायचे व आता किती चालतात.